आदर्श माणूस: अख्खा घ्यायचा की निवडून?

पाटीपेन्सिल:

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

कुठलाही धर्म घ्या, त्यात नियम असतात त्याच्या कितीतरी पट गोष्टी असतात. खरं बोला, चोरी करू नका, दया करा, हे सांगायला एक पान पुरतं. बाकी सगळा पसारा माणसांचा: कोण कसं वागलं, कुणी काय सोडलं, कुणी काय सोसलं. म्हणजे चांगलं वागणं शिकवायचं तर 'त्याच्याकडे बघ' असं म्हणणं हीच सगळ्यात जुनी पद्धत. गीतेत तिसऱ्या अध्यायात श्रेष्ठ माणूस जे करतो तेच इतर लोक करतात असं म्हटलंय आणि ज्ञानेश्वरीत त्यावरची ओवी तर पाठच असते अनेकांना, 'एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती'. कुराणात ३३व्या सूरेत (अध्यायात) प्रेषितांमध्ये तुमच्यासाठी उत्तम नमुना आहे असं येतं. बायबलमध्ये संत पॉल करिंथच्या लोकांना लिहितो की मी ख्रिस्ताचं अनुकरण करतो तसं तुम्ही माझं करा. (काय आत्मविश्वास!)

इथपर्यंत सगळं ठीक. पण नीट वाचलं की लक्षात येतं, याच ग्रंथांत अनुकरणाला ब्रेकपण लावलेला आहे, आणि तो कुणा टीकाकाराने बाहेरून आणून लावलेला नाही, आतूनच आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतो, 'यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि नो इतराणि', आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं नको. स्वतः गुरूच सांगतोय! कुराणात ६०व्या सूरेत इब्राहीम हा तुमच्यासाठी चांगला नमुना आहे असं म्हणून त्याच आयतीत (वचनात) एक अपवाद काढून ठेवलाय: त्याने वडिलांना 'तुमच्यासाठी क्षमा मागेन' असं सांगितलं, तेवढं सोडून. आणि भागवताच्या दहाव्या स्कंधात रासलीलेनंतर परीक्षित जो सरळ प्रश्न टाकतो तो तर मला फार आवडतो, की धर्म स्थापन करायला जो आला त्यानेच असं का केलं? शुकमुनी म्हणतात, समर्थांची गोष्ट वेगळी, इतरांनी असलं काही मनातसुद्धा आणू नये, रुद्राने विष पचवलं म्हणून तू पिशील तर मरशील. त्यांचं बोलणं नेहमी खरं, वागणं मात्र 'क्वचित' घेण्यासारखं.

तर मग प्रश्न असा की चांगलं कुठलं आणि 'इतर' कुठलं हे ठरवणार कोण? शिष्याला ते आधीच कळत असेल तर गुरूकडे बघायची गरज काय, आणि कळत नसेल तर तो निवडणार कशाच्या जोरावर?

---

शंकेखोर:

तुमच्या शेवटच्या वाक्यातला पेच जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्येच मांडून ठेवलाय. तो म्हणतो गॉस्पेलमधल्या त्या पवित्र पुरुषालासुद्धा (म्हणजे ख्रिस्ताला) चांगला म्हणायच्या आधी आपल्या मनातल्या नैतिक पूर्णत्वाच्या कल्पनेशी ताडून पाहावं लागतं. म्हणजे पट्टी आधी, माणूस नंतर. पट्टी हातात आहेच तर माणूस हवाय कशाला? त्याच्या मते उदाहरणाचा उपयोग इतकाच की हे माणसाला जमू शकतं असा धीर येतो, बाकी नैतिकतेत नक्कल करण्याला जागा नाही.

आणि तुम्हाला तो भागवतातला ब्रेक वाटला, मला तर ती पळवाट वाटते. तुलसीदासांसारखं 'समरथ कहुँ नहिं दोषु गोसाईं' म्हटलं की संपलं. जो कोणी स्वतःला समर्थ म्हणवून घेईल आणि ज्याचे भक्त तसं मानतील त्याला सगळं माफ. परीक्षिताचा प्रश्न उत्तम होता, उत्तर त्याच्या तोडीचं नाही.

---

रानवारा:

शंकेखोर, पळवाटीबद्दल थोडी सहमत, पण कांटबद्दल अजिबात नाही. ही पट्टी येते कुठून? लहान मूल आधी 'दया म्हणजे काय' याची व्याख्या शिकतं आणि मग आजूबाजूला दयाळू माणूस शोधतं असं होतं का? उलटंच होतं. आधी माणूस दिसतो, आवडतो, त्याच्यासारखं करावंसं वाटतं आणि पुढे कधीतरी त्या आवडण्याला नाव मिळतं. ॲरिस्टॉटलनेपण सद्गुण म्हणजे दोन टोकांमधला मध्य एवढंच सांगून सोडून दिलेलं नाही, तो मध्य कुठला तर व्यवहारज्ञानी शहाणा माणूस जसा ठरवेल तसा, असं म्हटलंय. शेवटी माणसापाशीच येऊन थांबला तोही.

या विचाराला हल्लीच्या काळात सगळ्यात नेटकं रूप दिलं लिंडा झॅगझेब्स्की या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी. २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजला गिफर्ड व्याख्यानं दिली आणि २०१७ मध्ये पुस्तक आलं. थोडक्यात सांगायचं तर, सोन्याची रासायनिक रचना ठाऊक व्हायच्या हजारो वर्षं आधीपासून लोक सोनं ओळखत होते, बोट दाखवून 'हे असलं ते सोनं' म्हणत होते, रचना नंतर कळली. तसंच चांगला माणूस म्हणजे 'तो, तसला'. आधी बोट दाखवायचं, मग त्याच्यात नक्की काय आहे ते शोधायचं. आणि बोट कुणाकडे दाखवायचं ते कळतं आपल्या मनात उठणाऱ्या आदराच्या भावनेवरून. आंधळ्या नाही, विचार करूनही टिकते त्या.

तिने तीन जातीचे आदर्श घेतलेत: वीर, संत आणि ज्ञानी. वीर म्हणून लिओपोल्ड सोखा, ल्वोव्ह शहराच्या गटारात काम करणारा, त्याने दुसऱ्या महायुद्धात ज्यू कुटुंबांना तिथेच लपवलं, सुरुवातीला पैसे घेऊन आणि पैसे संपल्यावरही. ज्ञानी म्हणून कन्फ्यूशियस. संत म्हणून जाँ व्हानिए.

---

झुळूक२:

+१. सोन्याचं उदाहरण पटलं.

---

लंबक:

रानवारा, नेमक्या त्या तिसऱ्या नावावर थांबा जरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हानिए हा कॅथलिक गृहस्थ, १९६४ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसोबत एकाच घरात राहायला लागला, त्यातून लार्श नावाची संस्था उभी राहिली आणि जगभर पसरली. २०१५ मध्ये टेम्पलटन पुरस्कार. धर्मशास्त्र आणि नीतिशास्त्राच्या लोकांना तो म्हणजे जिवंत पुरावाच होता, की बघा, करुणा अशी दिसते. मे २०१९ मध्ये वारला तेव्हा लोक त्याला संत घोषित करा म्हणत होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. १९७० ते २००५ या काळात त्याने किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून. (या स्त्रियांपैकी कुणालाही बौद्धिक अपंगत्व नव्हतं, हे अहवालात स्पष्ट आहे.) त्याचा स्वतःचा गुरू तोमा फिलिप, त्याला चर्चने अशाच कारणांवरून १९५६ मध्ये शिक्षा केली होती आणि व्हानिएला त्यातलं बरंच ठाऊक होतं, तरी तो आयुष्यभर 'मला ठाऊक नव्हतं' म्हणत राहिला. २०२३ मध्ये मोठा अभ्यास आला त्यात आकडा किमान २५ झाला.

म्हणजे ज्या सिद्धांतात 'बोट दाखवा, आदर चुकणार नाही' असं आहे त्या सिद्धांताचं स्वतःचंच बोट चुकलं की हो! तीनपैकी एक नाव गेलं, ते पण संताचं.

---

रानवारा:

'आदर चुकणार नाही' असं ती म्हणत नाही. नवं काही कळलं की आदर ओसरतो आणि ते बरोबरच आहे, पिवळं धम्मक दिसतं ते सगळंच सोनं नसतं हे तर सोन्याच्या उदाहरणातच आलं. दुसरं, त्या घरांमधून वर्षानुवर्षं अपंग माणसांबरोबर राहणारे शेकडो लोक, ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, त्यांच्यातला गुण खोटा ठरत नाही ना? आणि चौकशी नेमून निकाल जाहीर केला तो त्याच संस्थेने. सगळेच असं करत नाहीत.

---

शंकेखोर:

ते मान्य, पण नवं कळायला पन्नास वर्षं का लागली हा माझा प्रश्न आहे. बायका बोलल्याच नव्हत्या असं थोडंच आहे. आदराची भावना हे जर चांगुलपणा शोधायचं यंत्र असेल तर ते यंत्र फक्त स्टेजवरचं दाखवतं. ज्यांना बंद खोलीतलं दिसतं त्यांचं म्हणणं त्या यंत्रात जातच नाही, उलट जितका आदर जास्त तितकं त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवण्याची शक्यता कमी. हे यंत्र नुसतं चुकत नाही, चूक झाकायलापण तेच वापरलं जातं.

---

संथ_वाहते:

दोघांच्या मधलं एक सांगतो. धर्मपरंपरांना हा धोका माहीत नव्हता असं समजू नका, त्यांनी त्यासाठी चक्क यंत्रणा उभ्या केल्या होत्या, चालल्या किती तो भाग वेगळा.

मज्झिम निकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथात वीमंसक सुत्त आहे. त्यात बुद्ध भिक्षूंना म्हणतात की दुसऱ्याच्या मनातलं ज्याला थेट कळत नाही अशा भिक्षूने तथागताचीच परीक्षा करावी, डोळ्यांनी दिसतं ते आणि कानांनी ऐकू येतं ते तपासून. यात दोष दिसतो का, हा खूप काळापासून असा आहे की हल्लीच झालाय, प्रसिद्धी मिळाल्यावर याच्यात काही खोट आली का. हे शेवटचं वाचून मी चाटच पडलो. प्रसिद्धी आल्यावर पुन्हा तपासा! आणि हे कुणाबद्दल, तर स्वतः बुद्धाबद्दल. परीक्षा करून मगच श्रद्धा ठेव, ती मुळं धरलेली श्रद्धा.

कॅथलिक चर्चमध्ये संत ठरवताना विरुद्ध बाजू मांडायला एक अधिकारीच असायचा, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. १५८७ मध्ये ते पद अधिकृत झालं आणि १९८३ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलनी सगळी पद्धत बदलली तेव्हा त्याचं महत्त्व जवळपास संपलं. मृत्यूनंतर पाच वर्षं थांबायचा नियम आहे, पण तोही शिथिल करता येतो. मदर तेरेसांसाठी केला आणि पुढे खुद्द जॉन पॉलसाठीही केला. जाता जाता, नियम शिथिल झाला नाही तर गर्दीचा उत्साह उतरायला निदान थोडा वेळ मिळतो, मला तो नियम शहाणपणाचा वाटतो.

इस्लाममध्ये हदीस (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याच्या आठवणी) सांगणाऱ्या प्रत्येक माणसाचं चारित्र्य आणि स्मरणशक्ती तपासण्याचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. म्हणजे नमुना माणूस एकच, पण त्याच्याबद्दल सांगणारा कोण याची कसून झडती.

---

नाठाळ:

सगळे फारच गंभीर झालेत म्हणून मी माझा मूळचा आळशी प्रश्न विचारतो: पण व्हायचंय कुणाला संत?

सुझन वुल्फ नावाच्या बाईंचा १९८२ चा निबंध आहे याच्यावर. त्या म्हणतात प्रत्येक क्षण दुसऱ्याच्या भल्यासाठी घालवणारा माणूस विनोद कधी ऐकणार, वाद्य कधी शिकणार, पुस्तक कधी वाचणार? असं आयुष्य आदर्श वाटत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. निबंध वाचून मला भयंकर हलकं वाटलं होतं, इतकं की दोन दिवस काहीही चांगलं केलं नाही.

पण मस्करी सोडून. हा प्रश्न धर्मांनी आधीच एका प्रकारे सोडवलाय असं वाटतं. जैनांमध्ये साधूंना महाव्रतं आणि गृहस्थांना अणुव्रतं, तीच पाच, अहिंसेपासून अपरिग्रहापर्यंत, फक्त मात्रा वेगळी. साधूसारखा हो असं गृहस्थाला कुणी म्हणत नाही, त्याच दिशेने तुझ्या पायांनी चाल म्हणतात. आणि १८व्या शतकातल्या झुस्या नावाच्या हसिदी (ज्यूंमधला एक भक्तिपंथ) रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, ती गोष्ट ऐकली असेलच, ते म्हणाले की वर गेल्यावर मला कुणी 'तू मोशे (मोझेस) का झाला नाहीस' असं विचारणार नाही, 'तू झुस्या का झाला नाहीस' हे विचारतील. कांटचा नक्कल नको हा मुद्दा त्यांनी न रागावता सांगितला.

---

झुळूक२:

झुस्या _/\_

---

उंबरठा:

आतापर्यंत सगळी चर्चा 'आदर्श कसा निवडावा' यावर चाललीय. मला विचारायचंय की गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितलीय.

वेस्संतर जातक घ्या. बुद्धाच्या आधीच्या जन्मातला हा राजपुत्र म्हणजे दानाचा कळस. पांढरा हत्ती दिला, मग स्वतःची दोन मुलं एका म्हाताऱ्याला नोकर म्हणून दिली, मग बायको मद्दीला दिलं. शेवटी सगळं परत मिळतं पण ते शेवटी. मुलं रडत गेली, तो माणूस वाटेत त्यांना मारत होता. आता बघा, हे खटकणारी मी पहिली नाही. मिलिंदपञ्हा या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला हेच विचारतो, की पुण्य हवं असेल तर माणसाने दुसऱ्याला दुःख का द्यावं, स्वतःला का देऊ नये? नागसेन जे उत्तर देतो त्यात मुख्य भर याच्यावर की ते किती अवघड होतं. अवघड होतं हे कबूल, पण अवघड नक्की कुणाला? मुलांना कुणी विचारलंच नाही.

बायकांसाठी ठेवलेले आदर्श बघितले की हे अजून टोचतं. सहन करणारी, वाट बघणारी, गप्प राहणारी. सावित्रीची गोष्ट खरं तर यमाशी बोलून बोलून त्याला शब्दांत पकडणाऱ्या हुशार बाईची आहे, पण आदर्श म्हणून उचललं काय तर पतिव्रता असणं. म्हणजे निवड होते ती मूळ गोष्टीत नाही तर नंतर, आणि निवडणाऱ्यांना जे सोयीचं तेच 'सुचरित' ठरतं.

माझा आदर्श विचाराल तर द्यूतसभेतली द्रौपदी. तिने तिथे दया दाखवली नाही, त्याग केला नाही, एक प्रश्न विचारला: युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवलं की मला? स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावायचा हक्क उरतो का? आणि भीष्म, ज्याच्याकडे बघून सगळ्यांनी वागायचं, तो म्हणतो धर्म सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही.

---

लंबक:

उंबरठा, प्रतिसाद जबरदस्त. मिलिंदाचा प्रश्न माहीत नव्हता.

---

पाटीपेन्सिल:

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, दोन-तीनदा वाचले. माझ्या मूळ प्रश्नाचं मला जे सुचतंय ते लिहिते.

भागवताच्याच अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी, पिंगला नावाची वेश्या. त्यातलं कबुतर तर उलट्या कारणासाठी आहे, मोहात अडकून जाळ्यात गेलं, तसं करायचं नाही म्हणून ते गुरू. एकनाथांनी याच स्कंधावर ओव्या लिहिल्या, १५७३ मध्ये काशीत पूर्ण केल्या, त्यात म्हटलंय 'जो जो जयाचा घेतला गुण, तो तो म्यां गुरु केला जाण'. आणि टाकण्यासाठी ज्याचा अवगुण घेतला तोही गुरूच, असं पुढे येतंच. कन्फ्यूशियसपण म्हणतो ना, तिघं जण बरोबर चालत असले तर त्यात माझा गुरू असणारच, चांगलं दिसेल ते घेईन आणि वाईट दिसेल ते स्वतःत सुधारीन. म्हणजे गुरुपद अख्ख्या माणसाला मिळत नाही, त्याच्या एकेका गुणाला मिळतं. असं धरलं तर व्हानिए कोसळला की सगळं कोसळलं असं होत नाही, आणि 'समर्थ' म्हणवणाऱ्याला अख्खं शरण जायचीही गरज उरत नाही.

---

शंकेखोर:

ऐकायला छान आहे हो, पण मग ही सरळ खरेदी झाली. ज्याचं जे आवडलं ते पिशवीत टाकलं. कडक माणूस कडकपणा उचलेल, भित्रा माणूस सहनशीलता उचलेल, आधी होते तसेच राहतील दोघं, वर चोवीस गुरूंचं सर्टिफिकेट. आदर्शाचा फायदाच हा होता की तो मला न आवडणारी गोष्टसुद्धा करायला लावतो.

---

पाटीपेन्सिल:

हा वार जोरदार आहे आणि याचं उत्तर मला अवधूताकडे सापडत नाही, पण तैत्तिरीयात पुढच्याच ओळींत थोडं सापडतं. शिष्याला सांगितलंय की कसं वागावं याबद्दल शंका आली तर तिथे जे विचार करणारे, कर्तव्यात रमलेले, कुणाच्या हुकमाखाली नसलेले, कठोर नसलेले, धर्माची आच असलेले ब्राह्मण असतील ते तशा वेळी जसं वागतील तसं तू वाग. एक माणूस नाही, अनेक. म्हणजे निवड एकट्याच्या आवडीवर सोडलेली नाही आणि एकट्या गुरूवरपण नाही. आणि 'कठोर नसलेले' ही अट मुद्दाम घातलीय हे मला फार महत्त्वाचं वाटतं, नुसती विद्वत्ता पुरेशी धरलेली नाही.

---

शंकेखोर:

आणि 'ब्राह्मण' ही अटपण मुद्दाम घातलीय ना? त्या अनेकांमध्ये कोण बसणार हे आधीच ठरलेलं.

---

उंबरठा:

तेच म्हणणार होते. शिवाय अनेक असले की काम भागतं हेही खरं नाही, द्यूतसभेत काय कमी होते का? भीष्म, द्रोण, कृप, धृतराष्ट्र, विचारी, विद्वान, अनेक. सरळ उत्तर कुणीच दिलं नाही. विदुर बोलला, आणि भावांमध्ये एकटा विकर्ण उठून म्हणाला की द्रौपदीला जिंकलेलं नाही, प्रश्नाचं उत्तर द्या. कर्णाने त्याला पोरकट म्हणून खाली बसवलं.

---

संथ_वाहते:

विकर्णाचं नाव आदर्शांच्या यादीत कधीच का येत नाही हा चांगला प्रश्न आहे. कदाचित शेवटी तो कौरवांच्याच बाजूने लढला म्हणून. भीमाने त्याला मारलं आणि मारून शोक केला.

---

उंबरठा:

म्हणून तर तो मला चालतो. त्याचं ते सभेतलं भाषण मी घेते, बाकीचा विकर्ण राहू दे कौरवांकडे. शंकेखोर याला खरेदी म्हणतील, तर म्हणोत, पण भर सभेत मोठ्या भावाच्या विरुद्ध उभं राहणं ही काही मला आधीपासून आवडणारी किंवा जमणारी गोष्ट नाही.

---

शंकेखोर:

ही खरेदी नाही, ही महाग पडेल तुम्हाला. मान्य.

---

नाठाळ:

विकर्णावर वेगळा धागा काढा कुणीतरी, युधिष्ठिराच्या 'नरो वा कुंजरो वा'वरपण मला बोलायचंय आणि ते इथे सुरू केलं तर पाटीपेन्सिल ताई ओरडतील.